निकेल कॅटॅलिस्ट दर वेळी चौथ्या तासाला का बसतो?

कॅटॅलिस्ट म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ, आणि तो बसला म्हणजे काम करेनासा झाला. आधी लक्षण सांगते. इथिलीनपासून ब्युटीन, हेक्झीन, ऑक्टीन बनवायचं आहे. सिलिका-ॲल्युमिनावर दोन टक्के निकेल, असा अर्धा ग्रॅम कॅटॅलिस्ट स्टीलच्या बारीक नळीत भरलाय. तापमान १२० अंश, दाब ३० बार. पहिल्या तासाला जीसीवर, म्हणजे वायूंचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, ब्युटीनचा पीक (आलेखातला उंचवटा) इतका उंच येतो की सरांना लगेच फोटो पाठवावासा वाटतो. दुसऱ्या तासाला तो थोडा खाली येतो. चौथ्या तासाला इथिलीन जसं आत गेलं तसंच बाहेर. नवा कॅटॅलिस्ट भरला तरी तेच, नवी बॅच बनवली तरी तेच.

आमच्याकडे हे सात महिने चाललं. त्यात मी पाच बॅचेस बनवल्या आणि त्यातल्या चार बनवायची गरजच नव्हती. ताप आला म्हणजे मलेरियाच असं नसतं. इथेही तापासारखं लक्षण एकच, पण मागे चार-पाच वेगळे आजार असू शकतात आणि कन्व्हर्जनचा, म्हणजे किती इथिलीन बदललं त्याचा, आलेख सगळ्यांचा सारखाच उतरतो. म्हणून हा कॅटॅलिस्ट बसला की पहिली गोष्ट, नवा बनवू नका. मेलेल्याचं शवविच्छेदन करा.

त्याच्याही आधी, तो खरंच मेलाय का ते बघा. इथिलीनचे रेणू जोडीजोडीने वाढतात, त्यामुळे चार, सहा, आठ, दहा कार्बनचं मिश्रण तयार होतं. ब्युटीन उणे सहा अंशालाच उकळतं, ते वायूबरोबर सुखाने जीसीपर्यंत पोहोचतं. पण १-हेक्झीन ६३ अंशाला उकळतं, १-ऑक्टीन १२१ ला आणि १-डिसीन १७० च्या आसपास. रिॲक्टरपासून जीसीपर्यंतची नळी गार असली तर हे सगळे वाटेतच थांबतात. मग जीसी सांगतो, उत्पादन नाही. दाब टिकवणाऱ्या बॅक प्रेशर व्हॉल्व्हच्या तोंडाशी चिकट थर साचतो, व्हॉल्व्ह अडकतो, प्रवाह घटतो आणि तुम्ही कॅटॅलिस्टला शिव्या घालत बसता. आमचा एक अख्खा रन असा वाया गेला. हीटिंग टेप दीड वीत आधीच संपली होती. तेवढ्या गार तुकड्यात रॉकेलसारख्या वासाचे दोन-तीन मिली द्रव सापडलं.

यावर उपाय असा की इथिलीनमध्ये थोडा मिथेन मिसळून द्यायचा. या तापमानाला तो काहीच करत नाही, जसा जातो तसा बाहेर येतो आणि जीसीच्या एफआयडी डिटेक्टरला दिसतो, नायट्रोजन तसा दिसत नाही. मिथेनच्या तुलनेत इथिलीन किती घटलं ते खरं कन्व्हर्जन. मग घटलेला कार्बन आणि उत्पादनातला कार्बन जुळतो का ते बघायचं. जुळत नसेल तर माल कुठेतरी अडकलाय, नळीत किंवा कॅटॅलिस्टच्या छिद्रांत. हिशेब जुळेपर्यंत पुढच्या कुठल्याही निष्कर्षाला अर्थ नाही.

दुसरी चाचणी म्हणजे रिकामी नळी. नुसतं सिलिकॉन कार्बाइड (क्रियेत भाग न घेणारी भुकटी) भरून तसाच रन करा. आम्ही केला आणि ब्युटीन आलं! आधीच्या कुणाच्या तरी प्रयोगाची निकेलची भुकटी जाळीत आणि क्वार्ट्झ वूलमध्ये (भुकटी अडवायला लावतात त्या काचेसारख्या कापसात) बसून राहिली होती. निकेलची ही खोड जुनीच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत म्युलहाइमला कार्ल झिग्लर यांच्या प्रयोगशाळेत ॲल्युमिनिअम अल्किल या संयुगांवर इथिलीनची साखळी वाढवायचे प्रयोग चालू होते, आणि एकदा साखळी वाढायच्या ऐवजी नुसतं ब्युटीन आलं. भांड्यात राहून गेलेल्या निकेलच्या अंशाने साखळी दुसऱ्याच पायरीला तोडली होती. त्याला निकेल इफेक्ट असं नाव पडलं. मग बाकीचे धातू काय करतात हे तपासता तपासता पॉलिथिलीनचा कॅटॅलिस्ट हाती लागला आणि १९६३ चं नोबेल झिग्लर आणि नट्टा यांना मिळालं. त्यांना घाणीतून नोबेल मिळालं, आम्हाला नवी जाळी विकत घ्यावी लागली.

निकेल ज्यावर बसवतो तो बिननिकेलचा नुसता सपोर्टही एकदा चालवून बघा. १२० अंशाला ॲसिडिक सिलिका-ॲल्युमिना इथिलीनला जवळजवळ हात लावत नाही. प्रोपिलीन आणि ब्युटीनला मात्र लावते. ही गोष्ट पुढे कामाला येते.

आता खरोखर मेलेल्या कॅटॅलिस्टकडे वळू. पहिला संशय सगळे घेतात तो गॅसवर. सिलिंडर खराब, गॅसमध्ये गंधक असेल, पाणी असेल, ॲसिटिलीन असेल. असेलही. पण सप्लायरला फोन लावण्याआधी पाच मिनिटांचा हिशेब करा. अर्ध्या ग्रॅममध्ये दोन टक्के म्हणजे १० मिलिग्रॅम निकेल, सुमारे १७० मायक्रोमोल. मिनिटाला ३० मिली इथिलीन म्हणजे तासाला साधारण ७३ मिलिमोल. त्यात ५ पीपीएम (दहा लाखांत पाच भाग) विष असेल तर तासाला ०.३७ मायक्रोमोल विष आत जाणार. सगळं निकेल मारायला साडेचारशे तासांच्या वर लागतील. सगळं निकेल काम करत नसतं म्हणा. विसातलं एकच करतं असं धरलं, तर साडेआठ मायक्रोमोल मारायला २३ तास. चार तासांत मारायचं तर ३० पीपीएमच्या आसपास विष हवं. चांगल्या प्रतीच्या सिलिंडरमध्ये एवढं गंधक नसतं. पाणी असू शकतं, पण ते बहुधा सिलिंडरमधून नाही, तुमच्या जोडण्यांतून आणि तुमच्या सवयींतून येतं. पावसाळ्यात २५ अंशाला ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेत अडीच टक्के वाफ असते, म्हणजे २५,००० पीपीएम. भट्टीतून काढलेला कॅटॅलिस्ट बाटलीत भरून रात्रभर टेबलावर ठेवला तर सकाळी त्याचं वजन वाढलेलं असतं. आम्ही करून पाहिलंय.

म्हणून भाजणं वेगळं आणि सुकवणं वेगळं हे डोक्यात पक्कं ठेवा. भट्टीत ५०० अंशाला भाजलेला कॅटॅलिस्ट नळीत भरल्यावर कोरड्या नायट्रोजनमध्ये ३०० अंशाला पुन्हा रात्रभर ठेवायचा. नायट्रोजनसुद्धा ड्रायरमधून यायला हवा. साध्या सिलिंडरचा नायट्रोजन सरळ जोडला तर तुम्ही सुकवताना ओलंच करत असता.

ड्रायरवरून आठवलं. इथिलीनच्या लाइनवर मॉलिक्युलर सीव्ह (बारीक छिद्रांत पाणी शोषणारे खडे) लावायची तर ती थ्री-ए जातीची हवी. आमच्या लाइनवर कुणीतरी थर्टीन-एक्स लावून ठेवली होती, पाणी जास्त धरते म्हणून. पाणी धरते हे खरं, पण इथिलीनही धरते. दाबाखाली ताजं इथिलीन सोडलं की ती इथिलीन पिऊन घेते आणि तापते. हात लावला तर चटका बसला. हा नुसता मोजमापाचा घोळ नाही, धोका आहे. थ्री-एच्या छिद्रांत इथिलीन शिरत नाही, पाणी शिरतं. तिच्यापुढे तांब्याचा ऑक्सिजन ट्रॅप लावला की गॅसची बाजू पुरेशी झाली.

हे सगळं केलं. सीव्ह बदलली, ट्रॅप लावला, सुकवण लांबवली. चौथा तास मात्र जागचा हलला नाही. बसायच्या आधीची उंची थोडी वाढली, एवढंच.

उलगडा झाला तो नळी रिकामी करताना. एरवी आम्ही नळी उलटी करून टकटक ठोकायचो, सगळं एका बशीत यायचं आणि करड्या भुकटीकडे बघून कोक (कार्बनचा कडक थर) झाला असं म्हणायचो. त्या वेळी क्वार्ट्झ वूल अडकलं म्हणून वरून पातळ सळईने थोडं थोडं काढत गेले आणि पांढऱ्या कागदावर ओळीने ढीग लावले. पहिला ढीग काळा कुळकुळीत. दुसरा करडा. तिसऱ्यापासून खाली तोच फिकट हिरवट-करडा रंग, भरताना होता तसा. म्हणजे बेडचा, नळीत भरलेल्या थराचा, वरचा जेमतेम सेंटिमीटर जळला होता. मग खालचं न जळलेलं निकेल काम का करत नव्हतं? त्यातला चिमूटभर काढून थर्मोग्रॅव्हिमेट्रीला, म्हणजे तापवत वजन मोजायच्या चाचणीला, दिला. नायट्रोजनमध्येच ३०० अंशाच्या आत त्याचं बरंच वजन उतरलं. म्हणजे कोक नव्हे, छिद्रांत अडकलेलं जड तेल. वरचा ढीग नायट्रोजनमध्ये ढिम्म राहिला आणि हवा सोडल्यावर ५०० च्या आसपास जळाला. तो खरा कोक.

एकाच नळीत दोन वेगळे मृत्यू. कारण मात्र एकच, उष्णता. दोन इथिलीन जोडून एक मोल ब्युटीन बनलं की सुमारे १०५ किलोज्यूल उष्णता सुटते, इथिलीनच्या मोलमागे साधारण ५२. १२० अंशाला इथिलीनची उष्माधारकता मोलमागे ५० ज्यूलच्या आसपास असते. उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर दर एक टक्का कन्व्हर्जनला गॅस दहा अंशांनी तापतो. बारीक नळीतून बरीच उष्णता निघून जाते हे मान्य. पण ताजा, चपळ कॅटॅलिस्ट पहिल्या सेंटिमीटरमध्येच वीस-तीस टक्के काम उरकत असेल तर तिथे काय होत असेल याची कल्पना करा.

भट्टीचा कंट्रोलर तेव्हाही १२० च दाखवतो. त्याचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नळीच्या बाहेर, भिंतीला टेकलेला असतो. वर्कशॉपमधल्या काकांना बेडच्या मधोमध जाईल अशी बंद टोकाची बारीक नळी वेल्ड करून मागितली. ते म्हणाले, "एवढीशी नळी, त्यात आणखी नळी! मग तुमचा माल कुठे भरणार?" पण दिली करून. तिच्यात थर्मोकपल वरखाली सरकवत पुढचा रन केला. इथिलीन सोडल्यावर पहिली सात-आठ मिनिटं काहीच नाही. ॲल्युमिनिअम अल्किल न देता निकेलला स्वतःचं सक्रिय रूप घडवायला थोडा वेळ लागतो, तो हा वेळ. मग चार मिनिटांत वरच्या टोकाचं तापमान १२० वरून २४० च्या पुढे. कंट्रोलरने त्या वेळात १२२ दाखवलं आणि हीटर थोडा कमी केला. पहिल्या तासाचा तो देखणा पीक या भडक्यातूनच येत होता.

तापमान चढलं की निकेलचं काम बिघडतं आणि सपोर्टमधल्या ॲसिडचं सुरू होतं. जुन्या अभ्यासांत निकेलच्या अशा कॅटॅलिस्टचं शिखर साधारण १०० ते १५० अंशांत, त्यावर २०० च्या आसपास उतार आणि ३०० च्या वर पुन्हा चढ नोंदवलाय, पण तो वरचा चढ ॲसिडच्या मिश्र, गढूळ उत्पादनाचा. ब्युटीन तयार झालं की गरम ॲसिड जागा त्याला आणखी जोडतात, तोडतात आणि फांद्या फोडतात. म्हणून जीसीवर विषम कार्बन शोधा. निकेलच्या कामात प्रोपिलीन, पेंटीन, हेप्टीन यांना जागा नाही. ते दिसले की कुठेतरी बेड तापलाय हे समजा, थर्मोकपल काहीही म्हणो. माझ्या जुन्या सगळ्या रनमध्ये पहिल्या इंजेक्शनला प्रोपिलीनचा छोटा पीक होता. मी त्याला सिलिंडरमधली अशुद्धी म्हणून सोडून दिलं होतं.

आता सुरुवात कशी करायची. कॅटॅलिस्टच्या सहापट सिलिकॉन कार्बाइड मिसळा आणि दोन्ही एकाच चाळणीचे घ्या, आम्ही ४० ते ६० मेशचे घेतो. जाडी वेगळी असली तर भरताना ते वेगळे होतात, चिवड्यातले शेंगदाणे तळाशी जातात तसे. बेड ८० अंशावर आणा. दाब नायट्रोजनने चढवा, इथिलीनने कधीच नाही. मग इथिलीन दहा टक्क्यांपासून हळूहळू वाढवा आणि आतला थर्मोकपल सतत सरकवत राहा. भिंतीपेक्षा आत पाच-सहा अंशांहून जास्त फरक दिसला की वाढवणं थांबवा. पूर्ण इथिलीन आणि १२० अंश गाठायला आम्हाला जवळपास तीन तास लागतात. घाई करणाऱ्याला ते फार वाटतात. पण एवढं केल्यावर आमचा चौथा तास निघून गेला आणि पाचवा, दहावाही. पीक पहिल्यासारखा देखणा येत नाही, मध्यम येतो आणि टिकतो.

तरीही उतार राहतो, हळू पण राहतो. त्याचं कारण जड तेल. इथे सपोर्टच्या छिद्रांचा आकार बोलतो. झिओलाइटसारख्या अरुंद छिद्रांत दहा-बारा कार्बनचा रेणू तयार झाला की बाहेर पडायला जागा मिळत नाही. एमसीएम-४१ किंवा एसबीए-१५ सारख्या सिलिकांच्या रुंद छिद्रांत मिळते. म्हणूनच निकेल-बीटा (बीटा झिओलाइटवरचं निकेल) कितीही चपळ असला तरी माझा जीव एमसीएम-४१ वर. बर्कलीच्या इग्लेसिया यांच्या गटाने २०१७ मध्ये याच जातीच्या कॅटॅलिस्टवर उलटा मार्ग दाखवला. तापमान शून्याच्या बरंच खाली नेलं की रुंद छिद्रांत इथिलीनचंच द्रव साचतं आणि त्या द्रवात निकेल न बसता टिकून राहतं. आमच्याकडे तेवढं थंड करायची सोय नाही, पण द्रव उत्पादन धुऊन नेतं हे तत्त्व वापरता येतं. थोडा हेप्टेन इथिलीनबरोबर सोडून पाहिला, उतार आणखी सौम्य झाला.

कॅटॅलिस्ट बसला तर त्याला एक संधी द्या. इथिलीन बंद, नायट्रोजन चालू, ३०० अंश, रात्रभर, बाहेरच्या टोकाला बर्फात ट्रॅप. सकाळी पुन्हा सुरुवात करा. कन्व्हर्जन पूर्ण परतलं तर पाणी किंवा तेल, आणि दोघांपैकी कोण ते ट्रॅपमधला थेंबच सांगतो. अर्धवट परतलं तर कोक, तो जाळायला पातळ केलेली हवा लागते आणि तापमान अगदी हळू चढवावं लागतं, नाहीतर जाळतानाच बेड पुन्हा भडकतो. काहीच परतलं नाही तर गंधक, किंवा निकेलचंच रूप बदललंय.

रूप बदलणं हे बहुतेक वेळा घरचंच पाप असतं. हायड्रोजनेशनच्या कामातून आलेली मंडळी सवयीने हायड्रोजन सोडतात, कॅटॅलिस्ट ॲक्टिव्हेट करायचा म्हणून. इथे तसं करू नका. आपल्याला सपोर्टवर सुटे सुटे बसलेले निकेलचे आयन हवेत, धातू नको. धातूचे कण झाले की इथिलीन जोडायचं राहिलं बाजूला, गरम झाल्यावर ते इथिलीन फोडून कार्बनचे धागे विणत बसतात. बनवतानाही हेच ध्यानात ठेवा. निकेल नायट्रेट जास्त टाकून सपोर्ट नुसता भिजवला तर बरंचसं निकेल ऑक्साइडचे गोळे होऊन बसतं. आयन एक्स्चेंज करा, म्हणजे सपोर्टवरच्या आयनांच्या जागी निकेलचे आयन बसवा, नीट धुवा, भाजताना पातळ थर पसरा आणि हवा वाहती ठेवा. टीपीआरमध्ये, म्हणजे हायड्रोजनमध्ये तापवून बघायच्या चाचणीत, ऑक्साइडचे गोळे ३०० ते ४०० अंशांत रिड्यूस होतात (धातू बनतात), सपोर्टला घट्ट बांधलेले आयन ५०० च्या वर. एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या चाचणीत) निकेल ऑक्साइडच्या जागी, ४३.३ आणि ३७.३ अंशांच्या कोनाला, काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. तीन नॅनोमीटरहून बारीक कण त्याला दिसतच नाहीत.

सुरक्षेचं थोडं, कारण यात मी स्वतः ढिलाई केली आहे. निकेलची संयुगं कर्करोगकारक आहेत. काळा ढीग कागदावर ओतताना मास्क आणि हातमोजे हवेतच, मी पहिल्यांदा नुसत्या हातांनी केलं होतं. वापरलेल्या बेडमध्ये धातुरूप निकेल असेल तर तो हवेत तापू शकतो, म्हणून पूर्ण गार झाल्यावर नायट्रोजनमध्ये अगदी थोडी हवा मिसळत उघडा. आणि धातू झाल्याची शंका असेल तर त्या बेडवर कार्बन मोनॉक्साइडची कुठलीही चाचणी परस्पर करू नका. कोमट तापमानालाच निकेल कार्बोनिल तयार होतं, ४३ अंशाला उकळतं आणि अत्यंत विषारी आहे.

आमच्या रन-शीटवर आता तीन रकाने वाढलेत: आतलं कमाल तापमान आणि बेडमधली त्याची जागा, पहिल्या इंजेक्शनचा प्रोपिलीन पीक, आणि रिकामं करताना वरून खाली ढिगांचे रंग. शेवटच्या रकान्यात प्रोजेक्ट असिस्टंट परवा "वरचा ढीग चहाच्या भुकटीसारखा" असं लिहून गेला. त्या रनमध्ये त्याने दाब इथिलीनने चढवला होता.